फिरणारे चक्र आणि टांगणीला लागलेला जीव

कागदपत्रे अपलोड झाली, शुल्क भरण्याचे बटण दाबले आणि पडद्यावर एक छोटे चक्र फिरू लागले. खाली एक ओळ : ‘कृपया थांबा. पान रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका.’ दहा सेकंद होतात, तीस होतात, मिनिट उलटते. चक्र फिरतेच आहे. काम सुरू आहे की मध्येच बंद पडले, पैसे गेले की नाहीत, आणखी किती थांबायचे, यातले काहीच कळत नाही. अर्जाचा शेवटचा दिवस असेल तर पोटात गोळा येतो. शेवटी धीर सुटतो आणि बटण पुन्हा दाबले जाते. मग कधी एकाच अर्जाचे पैसे दोनदा कापले जातात, तर कधी जवळजवळ पूर्ण झालेले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या प्रसंगात गोंधळ घालणाऱ्या माणसाला आपण ‘उतावळा’ म्हणून मोकळे होतो. पण त्या चक्राबद्दलची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. हे चक्र साधारणपणे आपल्याच मोबाइलवर किंवा संगणकावर फिरत असते. दूरवरच्या ज्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, खरे काम चालले आहे, त्याच्याशी या फिरण्याचा संबंध असेलच असे नाही. तिकडचा सर्व्हर बंद पडला तरी इकडचे चक्र त्याच डौलात फिरत राहू शकते. कागदावर छापलेली ईसीजीची रेषा पाहून रुग्णाचे हृदय आत्ता चालू आहे की नाही हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. थांबलेल्या माणसाला कामाची खरी, ताजी बातमी द्यायची तर चक्रापलीकडे बरेच काही करावे लागते. ते का करायचे, याचे उत्तर मानसशास्त्रात आहे. कसे करायचे, याचे उत्तर संगणकशास्त्रात.

वाईट बातमीपेक्षा ‘माहीत नाही’ जड

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला होता. पडद्यावर दगड दिसत आणि प्रत्येक दगडाखाली साप आहे की नाही, याचा अंदाज बांधायचा असे. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक, पण अपाय न करणारा झटका बसे. साप निघण्याची शक्यता खेळाच्या ओघात कमी-जास्त केली जाई. घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात, याची मोजणी होत होती आणि ताण किती वाटतो, हेही विचारले जात होते.

झटका नक्की बसणार असेल तेव्हा ताण सर्वांत जास्त असेल, असे कुणालाही वाटेल. निष्कर्ष वेगळा निघाला. झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी, म्हणजे ५० टक्के असताना ताण सर्वाधिक होता. झटका बसणारच, हे ठाऊक असलेली माणसे त्यापेक्षा शांत होती. या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांच्या शरीराचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका वर-खाली होत होता, त्यांचे सापाबद्दलचे अंदाजही अधिक बरोबर येत. म्हणजे हा ताण निव्वळ कमकुवतपणा नव्हे. ‘माहिती अपुरी आहे, लक्ष दे,’ असे शरीर आपल्याला सांगत असते.

मराठीत आपण ‘जीव टांगणीला लागला’ म्हणतो, तो याच अवस्थेला. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. शुल्क भरले गेले की नाही, हे न कळता चक्राकडे पाहणारा माणूस जवळपास त्या निम्म्या-निम्म्या शक्यतेतच अडकलेला असतो.

रांगा आणि प्रतीक्षा यांचा अभ्यास करणारे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये थांबण्याच्या मानसशास्त्राची काही सूत्रे मांडली. रिकामा वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचे हे माहीत नसेल तर वेळ लांब वाटतो. का थांबायचे हे सांगितले नाही तर तो आणखी लांब वाटतो. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. फलाटावरच्या इंडिकेटरवर ‘७ मिनिटे’ लागलेले असले की माणूस वर्तमानपत्र उघडतो. इंडिकेटर कोरा असला की तीच सात मिनिटे तो रुळांकडे वाकून पाहण्यात घालवतो. गाडी दोन्ही वेळा सारख्याच वेळेत येते.

टक्केवारीची पट्टी

संगणकापुढे माणूस किती वेळ थांबू शकतो, हा प्रश्न इंटरनेटच्याही आधीचा आहे. आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये त्यावर एक निबंध सादर केला. पुढे जेकब नील्सन यांनी १९९३ मधल्या आपल्या पुस्तकातून त्या मर्यादा लोकप्रिय केल्या. त्या ढोबळमानाने अशा : ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ आले, असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपर्यंत लक्ष कसेबसे टिकते. दहा सेकंदांच्या पुढे माणसाचे मन दुसरीकडे जाऊ लागते, म्हणून काम कुठवर आले आहे ते दाखवायला हवे आणि ते थांबवण्याचा मार्गही द्यायला हवा.

‘कुठवर आले’ हे दाखवण्याचा सर्वांत ओळखीचा मार्ग म्हणजे हळूहळू भरत जाणारी पट्टी, म्हणजेच प्रोग्रेस बार. तिचा पद्धतशीर अभ्यास केला तो ब्रॅड मायर्स यांनी. टोरंटो विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ४८ जणांना संगणकावरील माहितीसाठ्यात शोध घ्यायला लावले, कधी पट्टी दाखवून आणि कधी न दाखवता. १९८५ मध्ये मांडलेल्या या अभ्यासात ८६ टक्के लोकांनी पट्टीला पसंती दिली. पट्टी अगदी अचूक नसली तरी चालेल, पण काहीच नसण्यापेक्षा ती असावी, असा एकूण कल होता. पट्टी दिसली की माणूस आपला वेळ आखू शकतो. चहा ठेवून यावे की इथेच बसावे, एवढा साधा निर्णयही त्याला घेता येतो.

वेबपान मुके का असते?

घरच्या संगणकावर फाइल कॉपी करताना पट्टी दाखवणे तुलनेने सोपे असते, कारण काम आणि पडदा एकाच यंत्रात असतात. वेबपानाचे तसे नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास वेबची रचना केली ती कागदपत्रे पाहण्यासाठी. तिचा व्यवहार पोस्टकार्डासारखा आहे. आपल्या ब्राउझरने एक प्रश्न पाठवायचा, सर्व्हरने एक उत्तर पाठवायचे आणि विषय संपला. प्रश्न गेल्यावर आणि उत्तर येण्यापूर्वी मधल्या काळात ‘अर्धे झाले बरे का’ असे सांगण्याची सोय मूळ व्यवहारात नव्हती. काम पाच मिनिटांचे असेल तर पाच मिनिटे शांतता.

ही शांतता धोकादायकही असते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये आणखी काही मध्यस्थ संगणक असतात. फार वेळ काहीच हालचाल दिसली नाही की ते संपर्क तोडून टाकतात. असे काम करणाऱ्या एका लोकप्रिय प्रणालीत ही मुदत, वेगळी सूचना दिली नसेल तर, ६० सेकंदांची असते. एकसष्टाव्या सेकंदाला पडद्यावर ‘त्रुटी’ असे उमटते, पण मागे सर्व्हर आपले काम इमानेइतबारे करतच असतो. पडद्यावर त्रुटी दिसली म्हणजे काम झाले नाही, असा अर्थ काढता येत नाही, तो यामुळेच.

यावरचा उपाय सरकारी कचेरीत पूर्वीपासून आहे : पोचपावती. अर्ज दिला की खिडकीवरचा कारकून तो तिथल्या तिथे निकाली काढत नाही. तो नोंद क्रमांक घालून पावती हातात ठेवतो, अर्ज आतल्या टेबलाकडे सरकवतो आणि खिडकी पुढच्या माणसासाठी मोकळी होते. चांगली बांधलेली संकेतस्थळेही असेच करतात. काम मोठे असेल तर सर्व्हर लगेच ‘काम स्वीकारले, हा तुमचा क्रमांक’ असे उत्तर देतो. वेबच्या नियमांत त्यासाठी २०२ हा खास सांकेतिक क्रमांकही आहे. मूळ काम एका रांगेत लागते, दुसरी प्रणाली ते उचलते आणि कुठवर आले याची नोंद एका ठिकाणी करत जाते.

आता प्रश्न उरतो ती नोंद पडद्यापर्यंत आणण्याचा. त्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली पद्धत एसटीतल्या लहान मुलाची : ‘आलं का? आलं का?’ पान दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहते. पूर्वी त्यासाठी अख्खे पान पुन्हा उघडावे लागे. पानाचा फक्त एक तुकडा गुपचूप बदलण्याच्या तंत्राला २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले आणि ते सर्वत्र पसरले. ही पद्धत साधी आणि भरवशाची आहे, मात्र विचारण्याला किंमत असते. एक लाख पाने उघडी असतील आणि प्रत्येक पान दर सेकंदाला विचारत असेल, तर सर्व्हरवर सेकंदाला एक लाख प्रश्न आदळतात. तेच दहा सेकंदांनी विचारले तर दहा हजार. दहावीच्या परीक्षेला महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. अशा निकालाच्या दिवशी हा फरक किती मोठा ठरेल, याची कल्पना करता येईल. म्हणून शहाणे पान सुरुवातीला लवकर विचारते आणि काम लांबत गेले की विचारण्यातले अंतर वाढवते.

दुसरी पद्धत रेडिओची. पान एकदाच जोडणी उघडते आणि मग सर्व्हर जसजसे काही घडेल तसतसे त्या वाटेने कळवत राहतो : १० टक्के, २० टक्के, तपासणी झाली, अहवाल तयार होतोय. मध्येच बोगद्यात मोबाइलचे नेटवर्क गेले तर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडणी करतो आणि शेवटची बातमी कोणती मिळाली होती, तेही सांगू शकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेशी गप्पा मारताना उत्तर शब्दाशब्दाने उमटत जाते, त्यामागे बऱ्याचदा हेच तंत्र असते.

तिसरी पद्धत टेलिफोनची. ‘वेबसॉकेट’ नावाच्या या तंत्राचे प्रमाणित नियम डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. यात दोन्ही बाजू हवे तेव्हा बोलू शकतात. क्रिकेटचा थेट धावफलक, शेअरचे भाव, ऑनलाइन खेळ यांसाठी ती उपयोगी पडते. कामाची प्रगती कळवायला मात्र बहुधा रेडिओ पुरतो. ऐकणाऱ्याला फक्त ऐकायचे असते.

नव्याण्णव टक्क्यांवर घोडे का अडते?

वाट मोकळी झाली, पण तिच्यावरून पाठवायचे काय? इथे खरी कसोटी लागते. समजा, एका रुग्णालयाला वर्षभरातील ५,००० रुग्णांच्या नोंदींतून अहवाल तयार करायचा आहे. सर्वांत सोपा हिशेब म्हणजे नोंदी मोजणे. २,५०० नोंदी झाल्या की ५० टक्के. पण त्यातल्या ४,९५० नोंदी दोन-चार ओळींच्या असतील आणि शेवटच्या ५० नोंदींना मोठमोठी स्कॅनची चित्रे जोडलेली असतील तर? पट्टी बघता बघता ९९ टक्क्यांवर जाईल आणि तिथे ठाण मांडून बसेल. पट्टीने इथे चुकीचे गणित केलेले नाही, फक्त चुकीची गोष्ट मोजली आहे. नोंदींच्या संख्येऐवजी माहितीचा आकार मोजला असता तर तीच पट्टी बऱ्यापैकी समान वेगाने सरकली असती.

नव्याण्णवावर अडण्याचे दुसरे कारण म्हणजे विसरलेले टप्पे. मोजणी होते ती फक्त नोंदी वाचण्याची. त्यानंतर बेरजा, तपासणी, पीडीएफ बनवणे आणि ती साठवून ठेवणे ही कामे पट्टीच्या हिशेबात धरलेलीच नसतात. लग्नाच्या खर्चात हॉल आणि जेवण धरावे आणि आहेर-मानपान विसरावे, तसा हा प्रकार. यावर उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याला त्याच्या अंदाजे वेळेप्रमाणे वाटा देणे आणि सध्या कोणता टप्पा सुरू आहे, हे शब्दांत लिहिणे.

कधी कधी एकूण काम किती, हेच आधी ठाऊक नसते. अशा वेळी टक्केवारी ओढूनताणून आणण्यापेक्षा ‘आतापर्यंत ३,२०० नोंदी तपासल्या’ एवढेच सांगणे प्रामाणिकपणाचे. आकडा वाढताना दिसतो, काम जिवंत आहे हे कळते आणि खोटे आश्वासनही दिले जात नाही. उरलेल्या वेळेचेही तसेच. सुरुवातीच्या दोन-चार सेकंदांवरून बांधलेला अंदाज ‘३ मिनिटे’वरून ‘१७ मिनिटे’ अशी उडी मारतो आणि त्यानंतर त्या पानावरचा विश्वासच उडतो. थोडे काम होऊ द्यावे, मग ‘सुमारे पाच मिनिटे’ असा गोळाबेरीज आकडा द्यावा.

बातमी देण्यालाही वेळ आणि श्रम लागतात, हे विसरून चालत नाही. प्रत्येक नोंदीनंतर प्रगती लिहायची तर ५,००० वेळा लिहावे लागेल आणि मूळ काम त्यामुळेच रेंगाळेल. दर ५० नोंदींनी लिहिले तर १०० वेळा लिहून भागते आणि पट्टी नेमकी एकेक टक्क्याने सरकते. दर पाच मिनिटांनी साहेबांना अहवाल द्यावा लागणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम किती पुढे सरकते, हे कार्यालयात काम केलेल्यांना ठाऊक असते.

शिवाय पाठवलेली बातमी वेळेवर पोहोचेलच असेही नाही. मधले संगणक सोयीसाठी छोटे छोटे संदेश साठवून एकगठ्ठा पुढे पाठवतात. मग १० टक्के, २० टक्के, ३० टक्के या साऱ्या बातम्या काम संपल्यावर एकदमच पोहोचतात. पोस्टमनने आठवड्याची पत्रे रविवारी एकत्र टाकावीत, तसे. अशी पाने बनवणाऱ्या अनेकांचे दिवस हा गुंता सोडवण्यात जातात. प्रणालीत कुठेच चूक दिसत नाही, तरीही पट्टी शून्यावरून थेट शंभरावर जाते.

मन फसते, म्हणून फसवावे का?

पट्टी कशी सरकते, यावर वेळ किती लांब वाटतो हेही ठरते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाशी संबंधित ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या चालीच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. प्रत्यक्ष वेळ सारखाच असूनही शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना जलद वाटली आणि शेवटी अडखळणारी पट्टी रेंगाळलेली वाटली. २०१० मध्ये त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. पट्टीवरच्या रेषा उलट दिशेने आणि विशिष्ट लयीत सरकवल्या तर तोच वेळ सुमारे ११ टक्क्यांनी कमी वाटू शकतो.

शेवटच्या क्षणांना एवढे महत्त्व का, याचा धागा वैद्यकातही सापडतो. डोनाल्ड रेडलमायर आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले डॅनियल काहनेमन यांनी १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीचा, म्हणजे कोलोनोस्कोपीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीची आठवण किती त्रासदायक राहिली, हे ती किती वेळ चालली यावर फारसे अवलंबून नव्हते. सर्वांत तीव्र वेदनेचा क्षण आणि शेवटची काही मिनिटे यांवर ते ठरत होते. नव्याण्णवावर अडलेली पट्टी मनात का सलते, ते यावरून समजू शकते. साऱ्या प्रतीक्षेची चव तिथे बिघडते.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील रायन ब्यूल आणि मायकल नॉर्टन यांचा २०११ मधील अभ्यास तर अधिकच विचारात पाडणारा आहे. प्रवासाची तिकिटे शोधणाऱ्या नमुन्यादाखल बनवलेल्या संकेतस्थळावर ‘आता या विमान कंपनीची तिकिटे पाहतो आहे, आता त्या कंपनीची’ असे काम उलगडून दाखवले. अशा वेळी, उत्तर तेच असूनही, झटपट निकाल देणाऱ्या स्थळापेक्षा थोडे थांबवणाऱ्या पण कष्ट दाखवणाऱ्या स्थळाला लोकांनी अधिक मोल दिल्याचे आढळले. डोळ्यांसमोर डोसा घालणाऱ्या गाडीवाल्याबद्दल जी आपुलकी वाटते, त्याच जातीची ही भावना असावी.

अशा निष्कर्षांतून एक मोह जन्मतो. काम कुठवर आले हे जाणून घेण्याची खटपट करण्यापेक्षा नुसती सुंदर सरकणारी पट्टी काढून ठेवली तर? घड्याळाच्या तालावर नव्वदपर्यंत सरकायचे आणि खरे उत्तर येईपर्यंत तिथे रेंगाळायचे. अशा पट्ट्या बनवणे अजिबात अवघड नाही. सगळे सुरळीत असेल तेव्हा त्या खपूनही जातात. पण ज्या दिवशी सर्व्हर कोलमडतो, त्या दिवशी ही पट्टी थांबलेल्या माणसाला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत राहते. बातमीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी ती खोटे बोलते. रेषांची लय आकर्षक करणे वेगळे आणि न झालेले काम झाले म्हणून दाखवणे वेगळे. पहिली सजावट आहे, दुसरी फसवणूक.

म्हणूनच प्रामाणिक पान कामाची नाडीही दाखवते. ‘४० टक्के झाले, शेवटची बातमी ३ सेकंदांपूर्वी’ असे लिहिलेले असेल तर काम जिवंत आहे, हे कळते. हाच आकडा ‘४ मिनिटांपूर्वी’ झाला तर काहीतरी बिनसले आहे, हे पानाने स्वतःहून कबूल करायला हवे.

दुसऱ्यांदा दाबलेले बटण

माणूस धीर सोडून बटण पुन्हा दाबणारच, हे गृहीत धरणे प्रणालीचे काम आहे. त्यासाठीचा उपाय पुन्हा पोचपावतीचाच. प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक वेगळा क्रमांक द्यायचा. त्याच क्रमांकाची विनंती दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने नवे काम सुरू करायचे नाही, ‘हे काम आधीच सुरू आहे, इथवर आले आहे’ एवढेच सांगायचे. मग बटण दहा वेळा दाबले तरी पैसे एकदाच जातात. ‘पान रिफ्रेश करू नका’ ही ओळ लिहिण्यापेक्षा रिफ्रेश केले तरी काही बिघडणार नाही, अशी रचना करणे अधिक शहाणपणाचे. पान बंद केले, बॅटरी संपली, लाइट गेली, तरी परत आल्यावर तोच क्रमांक टाकून काम कुठवर आले ते पाहता यावे. काम अर्ध्या तासाचे असेल तर माणसाला पडद्यापुढे खिळवून न ठेवता एसएमएस किंवा ईमेलने कळवण्याची सोय असावी.

ही सोय नसलेल्या पानावर अडकलेल्यांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पैसे भरताना पान गोठले तर लगेच दुसऱ्यांदा भरण्याआधी बँकेचा एसएमएस, खात्याचा तपशील किंवा यूपीआय ॲपमधील व्यवहारांची यादी पाहावी. पडद्याचे छायाचित्र आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआयने पाठवलेली रक्कम आपल्या खात्यातून वजा झाली, पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहारानंतरच्या एका दिवसात आपोआप परत यायला हवी. व्यापाऱ्याला केलेल्या पेमेंटची खातरजमा त्याच्यापर्यंत पोहोचली नसेल तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसामागे १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

ज्यांना पट्टी दिसत नाही

आतापर्यंतची सारी चर्चा डोळ्यांना दिसणाऱ्या पट्टीची झाली. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या मदतीने वेबपाने वापरतात. त्यांच्यासाठी फिरणारे चक्र म्हणजे निव्वळ शांतता. पानावर ‘४० टक्के’चे ‘५० टक्के’ झाले तरी ते कुणी बोलून दाखवल्याशिवाय त्यांना कळत नाही. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांच्या २०१८ मधील आवृत्तीत यासाठी एक स्वतंत्र निकष आला. काम सुरू आहे, पूर्ण झाले, चूक झाली, असे संदेश स्क्रीन रीडरला आपोआप कळतील अशा रीतीने पानात लिहिले जावेत. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, पानाच्या संहितेत दोन-चार शब्दांची भर पुरते. प्रमाण मात्र इथेही सांभाळावे लागते. प्रत्येक टक्क्याला आवाज झाला तर ऐकणारा हैराण होतो. दर २५ टक्क्यांनी एकदा आणि शेवटी स्पष्टपणे, एवढे पुरेसे असते.

चांगल्या पानाने थांबलेल्याला चारच गोष्टी सांगायच्या असतात : तुमचे काम मिळाले, ते इथवर आले, साधारण एवढा वेळ लागेल आणि बिघडले तर पुढे हे करा. यातली एकही गोष्ट काम जलद करत नाही. सर्व्हरला पाच मिनिटे लागणार असतील तर पाचच लागतील. तरीही या चार ओळींमुळे माणूस त्या पाच मिनिटांत उठून पाणी पिऊ शकतो, मुलाशी बोलू शकतो, दुसरे काम हातावेगळे करू शकतो. ‘कृपया थांबा’ म्हणणाऱ्याने, का आणि किती थांबायचे, तेही सांगायला हवे. खिडकीमागच्या कारकुनाकडून ही अपेक्षा आपण नेहमीच ठेवत आलो. आता खिडकीच्या जागी पडदा आला आहे, एवढेच.